सिक्वेन्स असून मामा हरले कसे?

प्रश्न : भाऊ, आमच्याकडे पोळ्याच्या करीले तीन पत्ती असतेच, ते मले चांगली येते. यंदा पुण्याले शिकणारा भाचा आला न् त्यानं पोकर मांडला. माझ्या हातात इस्पिकची पंजी न् चौकटची छक्की. मधात उघडले बदामची सत्ती, बदामची नव्वी, इस्पिकची दुर्री, मग किलवरची अठ्ठी. झाला ना पाच ते नऊ सिक्वेन्स! मी म्हटलं लपवून ठेवू, चूप चेक करत राह्यलो. शेवटी आली बदामची राणी, तेव्हा मी जोरात लावलं, तं त्यानं बदामचा एक्का न् चौकी दाखवून सारं उचललं. कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा कधीपासून झाला? पोट्टं गंडवून राह्यलं का मले? हा खेळ एकदा नीट सांगा.
— एक मामा, दारव्हा तालुका

उत्तर : मामा, पोट्टं खरं बोललं. तीन पत्तीत सिक्वेन्स वर न् कलर (सगळे पत्ते बदाम किंवा सगळे इस्पिक असे) खाली, पोकरमध्ये उलटं, आणि हे कोणाच्या मर्जीनं नाही, हिशोबानं आहे. ५२ पत्त्यांतून तीन-तीनचे २२,१०० हात बनतात, त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६. जे कमी वेळा येते ते मोठं. पण पाच-पाचचे हात होतात २५,९८,९६०, त्यात सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८, म्हणजे निम्मेच. ट्रेलचंही, म्हणजे एकाच नंबरच्या तीन पत्त्यांचंही, तसंच, तीन पत्तीत ज्याच्यावर माणूस बैलजोडी लावायले निघते तो ट्रेल इथं सिक्वेन्सच्याही खाली बसते. खालून वर असं धरा : नुसता मोठा पत्ता, जोडी, दोन जोड्या, ट्रेल, सिक्वेन्स, कलर, फुल हाउस म्हणजे ट्रेल अधिक जोडी, एकाच नंबरचे चार, आणि सगळ्यात वर एकाच कलरचा सिक्वेन्स. त्यातही दहा ते एक्का आला तर रॉयल फ्लश, असे हात अख्ख्या कॅटमध्ये चारच.

तुम्ही खेळले ते टेक्सास होल्डेम. ज्याचे त्याले दोन पत्ते, मधातले पाच सगळ्यांचे, सातातून चांगले पाच धरायचे. तीन पत्तीसारखं सगळ्यांनी आधी टाकायचं बूट नसते, वाटणाऱ्याच्या डाव्या हाताचे दोघं पत्ते यायच्या आधी सक्तीनं टाकतात, बहुतेक पहिला अर्धं न् दुसरा पूर्ण, त्यालेच ब्लाइंड म्हणतात, न पाहता चाल खेळायचं इथं काही नाही. मग बोली, मग तीन पत्ते एकदम उघडतात तो फ्लॉप, पुन्हा बोली, चौथा टर्न, बोली, पाचवा रिव्हर न् शेवटची बोली. कोणी लावलं नसेल तर चेक, म्हणजे काही न लावता पुढं जाता येते, लावलं असेल तर तेवढंच टाकून कॉल, वाढवलं तर रेझ, नाहीतर फोल्ड म्हणजे आपलं पॅक. बाकी सगळे पॅक झाले तर उरलेला पत्ते न दाखवताच पॉट, म्हणजे मधात जमलेलं सारं, उचलते, म्हणून रद्दी हातावरही लोक जिंकतात.

विचारलं नाही तरी सांगतो, पाराखाली पैसे लावून बसले तर १८८७ चा जुगाराचा कायदा अजून आहे, न् पैशाचे ऑनलाइन गेम तर २०२५ च्या कायद्यानं बंदच केले. तुरीचे दाणे घ्या.

आता तुमचा डाव. अठ्ठी पडली तेव्हा तुम्ही पुढं होते आणि भाच्याजवळ बदामचे चारच होते. त्याले न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९, म्हणजे पाचात एकदाही पुरतं जमत नाही. समजा पॉटमध्ये ४० दाणे होते, तुम्ही तिथं २० लावले असते तर भाच्याले ६० साठी २० टाकावे लागले असते, आणि तेवढं परवडायले चारात एकदा तरी जमावं लागते. तुम्ही चेक केलं न् त्याले पाचवा पत्ता फुकटात पाहू दिला, वरून तिसरा बदाम उघडल्यावर जोरात लावलं. दाणे अठ्ठीवरच लावायचे होते मामा, राणीवर नाही.