चुंबक तुटला तर त्याची शक्ती निम्मी होते का?

तुमच्या जुन्या स्पीकरमधला काळा गोल चुंबक फरशीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले. आता ते पूर्वीसारखे जुळवायला गेलं की एकमेकांना ढकलतात. शक्ती निम्मी झाली का आणि चिकटवून तो पुन्हा वापरता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

चिकटवून वापरता येईल. तुकडे एकमेकांना ढकलतात यावरूनच कळतं की दोघांतलंही चुंबकत्व शाबूत आहे. पण ते का ढकलतात हे समजून घेतल्याशिवाय चिकटवू नका, कारण इथे एक चूक अगदी सहज होते.

मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हा धडा नुसता वाचून मुलांना पटत नाही, म्हणून मी हॅकसॉ ब्लेडचं जुनं पातं घ्यायचो. पट्टी चुंबकाचं एकच टोक पात्यावरून एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा फिरवलं की पातं चुंबक होतं. ते लोहकिसात बुडवलं की कीस दोन्ही टोकांना झुपक्यासारखा लटकतो आणि मधला भाग जवळजवळ मोकळा राहतो. मग पातं जाड फडक्यात गुंडाळायचं आणि पक्कडीने मधोमध मोडायचं. मघाशी जिथे कीस चिकटत नव्हता, तिथेच मोडलेल्या दोन्ही टोकांना आता झुपके! ते पाहून वर्गात एकच गलका व्हायचा, आणि तो ऐकायला मला दर वर्षी तितकंच आवडायचं. मुलं मग आणखी तुकडे करायला लावायची. कितीही करा, प्रत्येकाला उत्तर ध्रुवही असतो आणि दक्षिण ध्रुवही. पेत्रुस पेरेग्रिनुस या फ्रेंच विद्वानाने १२६९ साली लिहिलेल्या पत्रात नैसर्गिक चुंबकाचा दगड तोडून हेच दाखवलं होतं. सुटा एकच ध्रुव असू शकेल असं गणित भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९३१ मध्ये मांडलं, पण तसा कण अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.

चुंबकत्व टोकांवर साठवलेलं नसतं, ते पदार्थाच्या कणाकणात असतं. आतले असंख्य बारीक चुंबक एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. तुकडा मोडला म्हणून त्यांची तोंडं फिरत नाहीत.

आता शक्ती. हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि गोंधळ तिथेच होतो. हातभर लांब ठेवलेल्या चुंबकसूचीवर होणारा परिणाम पाहिला, तर अर्धा तुकडा साधारण अर्धाच परिणाम करतो, कारण पदार्थच अर्धा आहे. पण ध्रुवाच्या तोंडाशी तसं नसतं. १० मिलिमीटर व्यासाची आणि ४० मिलिमीटर लांबीची चुंबकाची कांडी मधोमध आडवी तोडली, तर तिच्या टोकाच्या मध्यावरचं क्षेत्र गणिताने जेमतेम २ टक्के कमी होतं. तेवढ्याच व्यासाची २ मिलिमीटर जाडीची चकती मात्र १-१ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्यांत कापली, तर तेच क्षेत्र जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणजे तुकड्याचा आकार काय उरला, यावर सगळं अवलंबून.

आखूड तुकड्यात आणखी एक गोष्ट घडते. चुंबकाचे स्वतःचे ध्रुव त्याच्या पोटात उलट्या दिशेने जोर लावत असतात. ध्रुव जवळ आले की हा जोर वाढतो. साध्या पोलादाच्या किंवा अल्निकोच्या (अल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट घातलेल्या लोखंडाच्या) चुंबकाला तो सोसवत नाही आणि तुकडा खरोखरच दुबळा होतो. तुमचा काळा चुंबक बहुधा फेराइटचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेल्या ठिसूळ पदार्थाचा आहे. फेराइट आणि निओडिमियम (छोटे पण फार जोरदार चुंबक ज्याचे करतात ते मिश्रण) हा जोर सहज पेलतात. तापवणं मात्र दोघांनाही बाधतं. साधा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर गेला की शक्ती गमावू लागतो, म्हणून तो ग्राइंडरवर कधीही कापू नका. त्याची धूळ पेटते, आणि तुटताना उडालेली धारदार कपची डोळ्यात जाऊ शकते.

तुमच्या स्पीकरच्या कड्यासारख्या गोल चुंबकात ध्रुव कुठे आहेत ते पाहा. एक सपाट बाजू पूर्ण उत्तर, दुसरी पूर्ण दक्षिण. तडा जाडीतून आरपार गेला, त्यामुळे दोन्ही तुकड्यांचा उत्तर ध्रुव अजून एकाच बाजूला आहे. दोन पट्टी चुंबक उत्तरेला उत्तर लावून शेजारी ठेवले तर जे होतं, तेच इथे होतंय. पट्टी मधोमध आडवी मोडली असती, तर तुटलेली टोकं आपणहून एकमेकांना चिकटली असती.

आता ती चूक. एक तुकडा उलटा केला की दोन्ही झटकन चिकटतात आणि जुळलंसं वाटतं. तसं चिकटवलं तर अर्धं कडं अर्ध्याच्या विरुद्ध काम करेल आणि स्पीकर जवळजवळ मुका होईल. म्हणून आधी चुंबकसूची दोन्ही तुकड्यांच्या सपाट बाजूंजवळ धरा, सूचीचं एकच टोक ओढणाऱ्या बाजूंवर खडूने खूण करा आणि दोन्ही खुणा वर ठेवा. तुटलेल्या कडा पुसून दोन भागांचा इपॉक्सी लावा. तुकडे ढकलत राहतील, तेव्हा सी-क्लॅम्पने आवळून रात्रभर तसेच राहू द्या. कपच्या उडाल्या असतील तर तेवढाच पदार्थ कमी झाला, आवाजात फरक कळणार नाही. कडं परत बसवताना मात्र व्हॉइस कॉइलची (पडद्याला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्याची) फट सगळीकडून सारखी आहे ना, हे दोनदा तपासा. कॉइल घासली तर आवाज खरखरेल, आणि तुम्हाला वाटेल की चुंबकच गेला.