ताप आला की बोलणी मलाच

लसीबद्दल आईबापांचा एकच प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो, "मॅडम, चांगलं हसतंखेळतं पोरगं, सुई टोचली की तापानं फणफणतं, मग टोचायचीच कशाला?" याला शास्त्राचं उत्तर आहे, ते खाली देतेच, पण नुसतं शास्त्र सांगून डोस पूर्ण होत नाहीत हे मी बघितलंय, कारण घराघरात भीती भलत्याच गोष्टीची असते.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. कोल्हापूरजवळच्याच गावातली मुलगी, नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, शिफ्ट ड्युटी. ती आली होती झोप लागत नाही, सारखं रडू येतंय म्हणून. लसीचा विषय तिनं काढलाच नाही. बोलता बोलता निघालं की बाळाला पाचवा महिना लागलाय आणि दीड महिन्याच्या डोसनंतर पुढचं काहीच दिलेलं नाही. आशाताई दारात आल्या की ही आतूनच सांगायची, बाळ झोपलंय, पुढच्या वेळी बघू.

झालं होतं असं, पेंटाचा, म्हणजे पाच रोगांच्या एकत्र लसीचा, पहिला डोस दिला त्या रात्री ताप आला, मांडीवर गाठ आली, बाळ काही केल्या गप्प बसेना, नवरा थर्ड शिफ्टला, आणि सासूबाई म्हणाल्या, "चांगलं पोर आजारी पाडलंस." एवढंच. मग कुणीतरी लसीनं ऑटिझम (स्वमग्नता) होतो असा व्हिडिओ पाठवला आणि तो हिला बरा वाटला, कारण डोस टाळायला सांगण्यासारखं कारण मिळालं.

त्या व्हिडिओचं आधी उरकते. १९९८ साली इंग्लंडमधल्या वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरनं फक्त १२ मुलांवरून एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा लेख छापला, तो २०१० साली मासिकानं मागे घेतला आणि त्याची डॉक्टरकीही गेली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांवर मुलांचा अभ्यास आला, संबंध सापडला नाही. ऑटिझमची लक्षणं साधारण एक-दीड वर्षाच्या सुमारास दिसायला लागतात, गोवराचे डोसही त्याच सुमाराला, म्हणून लोक दोन्हीची सांगड घालतात.

तापाचं म्हणाल तर पेंटात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) अशा पाच रोगांची लस एकत्र असते. सरकारी लसीतला डांग्या खोकल्याचा भाग अख्ख्या मेलेल्या जंतूंचा असतो म्हणून ताप आणि सूज जरा जास्त येते, खाजगीत "पेनलेस" म्हणून मिळते तिच्यात जंतूचे निवडक तुकडे असतात म्हणून कमी. परवडत असेल तर घ्या, पण नसेल म्हणून डोसच बुडवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, स्पष्टच सांगते. डांग्या खोकला सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला धरला तर खोकता खोकता श्वास अडकतो. लसीचा ताप दोन दिवसांत उतरतो.

हे सगळं तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मॅडम, मला पटतंय हो, पण ताप आला की बोलणी मलाच, आत्ती काय तुम्हाला बोलणार न्हाईत." आत्ती म्हणजे सासूबाई. आता यावर डेन्मार्क काय कामाचं? म्हटलं पुढच्या वेळी नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊनच ये.

सासूबाई आल्या त्या तयारीनंच. "आमच्या टायमाला कुठं हुत्या ह्या सुया? आमी मोठी झालोच की." मी वाद घातला नाही, विचारलं, तुम्ही भावंडं किती? त्यांनी बोटं मोजली. "आठ हुतो. ऱ्हायलो पाच." बाकीची? "एक गोवरानं गेली. एकाचा घसा धरला, पाणी बी गिळंना. एकाचं मला ठावं न्हाई, मी ल्हान हुतो." घसा धरला म्हणजे घटसर्प असणार, आणि आज सुनेच्या बाळाचा जो डोस राहिलाय त्यातच त्याची लस आहे, एवढंच मी सांगितलं. त्या लगेच पटलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत, उलट "पर ताप आला तर बघणार कोण?" असं विचारलं, आणि खरा प्रश्न तोच होता.

मग बसून ठरवलं. डोस नवऱ्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, सकाळीच. टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबायचं. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते बाळाच्या वजनाप्रमाणे नर्सताईंकडून कार्डावर लिहून घ्यायचं. गाठीवर हळद, तेल, चोळणं काही नाही, अंगावर पाजत राहायचं. रात्री पाळी लावायची, नवऱ्यानं पण. आणि झटका आला, बाळ एकदम ढिलं पडलं किंवा तीन तासांच्या वर रडायचं थांबेना, तर घरी बसायचं नाही, सरळ दवाखाना, मग रात्रीचे दोन का वाजेनात.

एक शंका सगळेच विचारतात, मध्ये गॅप पडली तर पहिल्यापासून परत का? नाही. दिलेला डोस मोजला जातो, पुढचा चालू करायचा. ऊसतोडीला बीडकडून आपल्याकडे येणाऱ्या कुटुंबांच्या बाळांचेही डोस असेच राहतात, पण त्यांचं शंकेमुळे नाही, फिरतीमुळे. कार्ड असेल तर कुठल्याही सरकारी केंद्रात पुढचा डोस फुकट मिळतो, कार्ड हरवलं असलं तरी जा.

हिच्या बाळाला दुसऱ्या डोसलाही ताप आलाच, पण बोलणी कुणी खाल्ली नाहीत, आजीनं बाळ मांडीवर घेऊन बसून काढली रात्र. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा डोस आहे, तो चुकवून चालत नाही, गोवराचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, लग्नाच्या हॉलमध्ये एक आजारी पोर पुरे, २०२२ च्या अखेरीला मुंबईत गोवंडीकडे साथ आली तेव्हा मुलं दगावली. फक्त याचा ताप त्याच रात्री नाही, आठ-दहा दिवसांनी येऊ शकतो, अंगावर थोडं पुरळही उठतं, आणि तोपर्यंत घरात कुणाच्या लक्षातही नसतं लस दिलेली. म्हणून तिला आत्ताच सांगून ठेवलंय, डोस दिला की कॅलेंडरवर दहा दिवस पुढं खूण करायची, आणि आत्तींना दाखवून करायची.