गावाचा पत्ता

प्रिय मित्रा,

स्टेशनबाहेर झोपणाऱ्या काकांशी तुझी गट्टी जमली आहे, आणि त्यांचं घर शोधून त्यांना परत पोचवायचं तुझ्या मनात आहे. पत्र वाचून दोन दिवस हातात पेन धरवलं नाही. मी हे करून बसलोय.

तेव्हा मी परळला नोकरीला होतो. बंद गिरणीच्या भिंतीला टेकून एक गृहस्थ बसायचे. मी त्यांना मामा म्हणायचो. रोज संध्याकाळी दोन कटिंग. ते साचेखात्यातले (मागांच्या विभागातले) बदली कामगार. म्हणजे रोज फाटकावर जायचं, कुणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर घरी. तुटलेला धागा कसा सांधायचा हे ते बोटांनीच सांगायचे, हवेत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कुणी मागे घेतलाच नाही. "म्या अजून संपावरच हाय," मामा म्हणायचे. मला ते भ्रमिष्टपण वाटायचं. आता वाटत नाही.

बाकीचं कळायला दोन वर्षं लागली. बायकोची पोत विकून ते प्यायले होते. तिच्यावर हात टाकला होता. एका पहाटे ती मुलीला घेऊन निघून गेली. हे सांगताना त्यांची नजर रस्त्यावर होती. मी गप्प राहिलो, तेवढं मला बरोबर जमलं.

पुढचं चुकलं. गावाचं नाव बोलण्यात आलं होतं. त्यांना न विचारता मी पत्र टाकलं. भाऊ आला. मामांनी त्याला चहा पाजला, एसटीत बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी गोणपाट नव्हतं. महिनाभर शोधलं.

म्हणून, खोदून विचारू नकोस. त्यांच्या घरच्यांनी दार लावून घेतलं असेल तर त्यालाही कारण असेल. मात्र काकांना मानसिक आजार आहे असं दिसलं, तर थांबू नकोस. कर्जतची श्रद्धा संस्था अशांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते, तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार या कामासाठीच मिळाला. तिथे फोन कर.

आणि उद्या जाशील तेव्हा समोर उभा राहू नकोस, शेजारी बस. एखाद्या दिवशी चहाचे पैसे त्यांना देऊ दे. मामा शनिवारी द्यायचे.

तुझा,
मित्र