थेट अकरावीत अमेरिकेला येणाऱ्या मुलांसाठी: पीएसएटी

ताई, तुम्ही विचारलंय की दहावी झाल्यावर मुलगा जुलैत न्यू जर्सीला येतोय, शाळेच्या पत्रात ऑक्टोबरच्या ‘पीएसएटी’चा उल्लेख आहे, तर ती बोर्डासारखी असते का आणि क्लास लावावा का. आम्ही आलो तेव्हा माझी मुलगीही याच टप्प्यावर होती, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मनातली भीती काढा. ही एसएटीची, म्हणजे इथल्या कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षेची, सराव परीक्षा आहे. एसएटी घेणारी कॉलेज बोर्ड ही संस्थाच ती घेते, पण हे गुण कॉलेजांकडे जात नाहीत. पास-नापास असं काही नसतं.

पेपर लॅपटॉपवर, ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये होतो. वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न ६४ मिनिटांत, गणिताचे ४४ प्रश्न ७० मिनिटांत. प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिला चांगला गेला की दुसरा अवघड येतो. हे मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसरा भाग जड जातोय म्हणून मुलं तिथेच खचतात. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा सोडू नये. गणिताला कॅल्क्युलेटर चालतो, तो ॲपमध्येच असतो.

आता खरी गोम. नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या शिष्यवृत्तीची पहिली चाळणी याच परीक्षेवर लागते, आणि तीही साधारणपणे फक्त अकरावीत दिलेल्या परीक्षेवर. तुमच्या मुलाला शाळा अकरावीत घेणार असेल तर ही एकच संधी. त्यात निवडीचा आकडा काढताना वाचन-लेखनाचे गुण दुप्पट धरतात, त्यात गणिताचे मिळवतात आणि दहाने भागतात. समजा वाचनात ६२० आणि गणितात ७४० पडले, तर आकडा १९८. हेच गुण उलटे पडले तर २१०. बेरीज दोन्हीकडे १३६०च! आपण मात्र मुलांना गणितालाच जुंपतो. शिवाय या आकड्याचा कटऑफ राज्यागणिक वेगळा, आणि न्यू जर्सीचा देशातल्या सर्वांत वरच्यांपैकी असतो.

म्हणून क्लासपेक्षा वाचनाकडे बघा. उतारे छोटे, फार तर दीडशे शब्दांचे, प्रत्येकावर एकच प्रश्न. माझी मुलगी इंग्रजी माध्यमातली, तरी दोन वाक्यांमधल्या रिकाम्या जागी ‘हाऊएव्हर’ की ‘देअरफोर’ इथे अडायची. कानाला बरं वाटेल ते निवडायची. मग मी तिला आधी मराठीत विचारायला लागले, इथे ‘पण’ हवं की ‘म्हणून’? नातं कळलं की शब्द आपोआप सापडायचा. सरावाचे पूर्ण पेपर ब्लूबुकवर फुकट आहेत, खान अकॅडमी या शैक्षणिक साइटवरचे धडेही. वेळ लावून दोन-तीन पेपर सोडवले तरी पुष्कळ.

एक चूक आमच्याकडून झाली ती तुम्ही करू नका. एसएटीसारखी याची नावनोंदणी आपल्याला ऑनलाइन करता येत नाही, ती शाळेतूनच होते. आम्ही साइटवर फॉर्म शोधत बसलो आणि शाळेची मुदत उलटून गेली. तिची अकरावीची परीक्षा हुकली, अजून हळहळ वाटते. प्रवेशाचे कागद आणि लसीकरणाचा दाखला द्यायला जाल ना, त्याच दिवशी कौन्सेलरला (शाळेतल्या मार्गदर्शकाला) विचारून टाका की ऑक्टोबरच्या यादीत याचं नाव घातलंय का.