जनुकं एकमेकांचं 'दमन' करतात का?

चिपळूणच्या एका ताईंनी विचारलंय की बारावीच्या पोरांच्या नोट्समध्ये 'फळमाशीच्या पायातली जनुकं एकमेकांना रिप्रेस करतात' यासाठी 'परस्पर दमन' लिहिलं तर चालेल का.

ताई, चुकीचं नाहीये, पण मी असतो तर नसतं लिहिलं. दमन म्हटलं की एक दांडगा नि एक गरीब असंच डोळ्यासमोर येतं, आणि मानसशास्त्रवाले भावनांचं दमन म्हणतात ते आणखी निराळं. इथे दोघंही तोलामोलाचे आहेत. अळीच्या अंगात पायाची एक चपटी चकती असते, तिच्या मधल्या भागातून पायाचं टोक होतं आणि कडेच्या भागातून अंगाला जोडलेला वरचा सांधा. मध्यावर डिस्टललेस नावाचं जनुक चालू असतं, कडेला होमोथोरॅक्स आणि दोघांमधल्या कड्यात डाक्सहुंड (हे बिघडलं की माशीचे पाय आखूड होतात म्हणून त्या बुटक्या जर्मन कुत्र्याचं नाव, नावं ठेवायची हौस बघा यांची). डिस्टललेस आणि डाक्सहुंड मिळून होमोथोरॅक्सला आत चालू होऊ देत नाहीत, आणि तेच होमोथोरॅक्स मुद्दाम आत चालू केलं तर ते या दोघांना बंद पाडतं नि पाय टोकाकडून खुंटतो. म्हणजे आपल्याकडे दोन कुणग्यांमधली मेर कशी, दोन्हीकडचे मालक जागे असतात म्हणूनच ती जागेवर राहते, तसं.

म्हणून नाम हवं असेल तर 'परस्पर अटकाव' आणि क्रियापद साधं 'दाबून ठेवणं'. 'नष्ट करणं', 'मारणं' तर अजिबात नको, कारण जनुक पेशीत असतंच, फक्त वाचलं जात नाही, आणि दाब काढला की ते परत डोकं वर काढतं. माशीच्या मिशांचंच घ्या (पुस्तकात शृंगिका म्हणतात पण झुरळाच्या मिशा म्हटलं की पोरांना लगेच कळतं). मिशीच्या चकतीत होमोथोरॅक्स आणि डिस्टललेस बऱ्याच भागात एकत्र चालतात म्हणून मिशी होते. पायाच्या चकतीत अँटेनापीडिया नावाचं जनुक होमोथोरॅक्सला दाबून ठेवतं म्हणून पाय होतो. आता मिशीतनं होमोथोरॅक्स काढून टाकलं की डोक्यावर मिशीच्या जागी चक्क पाय येतो, म्हणजे पाय करायची सगळी जनुकं तिथे होतीच की!

बाकी 'दमन' हा शब्द अगदीच टाकाऊ नाही हां. माशीच्या पोटाला पाय का नसतात, तर तिथे अल्ट्राबायथोरॅक्स नावाचं जनुक आणि त्याचं भावंड अॅब्डॉमिनल-ए डिस्टललेसला चालूच होऊ देत नाहीत. हा मामला एकतर्फी आहे, तिथे खुशाल दमन लिहा, फक्त मागे 'परस्पर' लावू नका.

आणि न विचारलेलं एक सांगतो, 'फळमाशी' शब्दाला जपा. आपल्या बागायतदारांची फळमाशी म्हणजे धडधाकट आंब्यात अंडी घालणारी ती मोठी बॅक्ट्रोसेरा, आणि प्रयोगशाळेतली ही ड्रोसोफिला म्हणजे पिकून सडायला लागलेल्या फणसावर घोंघावणारं तीनेक मिलिमीटरचं चिलट, दोघींचं कूळसुद्धा वेगळं. नोट्समध्ये सरळ 'ड्रोसोफिला' लिहा आणि वर्गात चिलट म्हणा, नाहीतर देवगडकडचं एखादं पोर विचारेल की मॅडम, हिला मिथाईल युजेनॉलचा (आंब्याच्या बागेत फळमाशीसाठी लावतात तो) सापळा चालतो का, आणि तो हिला चालत नाही.