जर्मनीत आधी जाऊन मग नोकरी शोधता येते का? (वय 31, मेकॅनिकल इंजिनिअर, 3 वर्षं अनुभव, जर्मन ए-1)

येते. त्यासाठी 'चान्सेनकार्ट' हा गुणांवर मिळणारा व्हिसा आहे, पण आजच्या घडीला तुमचा एक गुण कमी पडतो. जून 2024 पासून सुरू झालेल्या या व्हिसावर एक वर्षापर्यंत तिथे राहून काम शोधता येतं आणि तोवर आठवड्याला 20 तास अर्धवेळ नोकरीही करता येते. किमान 6 गुण लागतात. जर्मन सरकारच्या 'मेक इट इन जर्मनी' या संकेतस्थळावरच्या तक्त्याप्रमाणे तुमचा हिशेब असा:

- वय पस्तिशीच्या आत: 2
- शिक्षणाशी संबंधित अनुभव: 2
- इंजिनिअरिंग, म्हणजे मनुष्यबळाची टंचाई असलेलं क्षेत्र: 1

जर्मन भाषेची ए-2 ही ए-1च्या पुढची पातळी झाली की सहावा गुण. पुण्या-मुंबईत असाल तर मॅक्स म्युलर भवनात परीक्षा देता येते. पदवी आणि विद्यापीठ 'अनाबिन'वर, म्हणजे परदेशी पदव्यांची नोंद असलेल्या जर्मन संकेतस्थळावर, आजच तपासा. तिथे अडलं तर पुढे जाण्याआधी तेच सोडवावं लागेल. खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) महिन्याला 1,091 युरो (2025चा दर) या हिशेबाने वर्षाचे पैसे दाखवावे लागतात.

एक मात्र आहे: व्हिसा मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. इंग्रजीवर आयटीवाल्यांचं भागतं. मशिनचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या गावातल्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर जर्मनच चालतं. म्हणून बी-1, म्हणजे ए-2च्याही पुढची पातळी, करूनच निघा, असं माझं मत. आणि कंपनी सोडताना नुसतं रिलीव्हिंग लेटर घेऊ नका, नेमकं काय काम केलं ते त्यात लिहून घ्या. तिथला एचआर तेच वाचतो.