आतून पार तुटल्यासारखं झालंय, ख्रिस्ती विश्वासाने मन खरंच बरं होतं का?

होतं. पण एका प्रार्थनेत झटकन नाही, हे आधीच सांगते.

पंडिता रमाबाईंचं बघा. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, १८८२ साली नवराही. पदरात लहानगी मनोरमा. १८८३मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी त्यांच्याच सांगण्याप्रमाणे धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता. मनाला खरी शांती लाभायला पुढे आठेक वर्षं गेली. तुम्हाला वेळ लागतोय म्हणजे तुमचा विश्वास कमी पडतोय, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

माझे वडील गेले तेव्हा मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची. तोंडातून गाणं फुटायचं नाही. शेजारच्या मावशी काही न विचारता गीताचं पान काढून पुस्तक माझ्या हातात द्यायच्या आणि स्वतः गायच्या. कित्येक रविवार असेच गेले. देव मला त्या पानातून भेटला, उपदेशातून नाही.

घरी बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, देवाने तेही ठेवलंय. रडायचं तर त्याच्यापुढे रडा, भांडायचं तर भांडा. मग ३४वं वाचा. भग्नहृदयी माणसांच्या तो जवळ असतो, असं तिथे आहे.

आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर आजच १४४१६ला फोन करा. टेलीमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा मोफत आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतल्याने विश्वास उणा होत नाही.